एक ॲप आले, तर एक वही बंद झाली पाहिजे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आरोग्यसेवेच्या डिजिटलीकरणावर आपल्या दैनिकात आलेला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखात आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, प्रत्येकाच्या आरोग्यनोंदींसाठीचा चौदा अंकी आभा क्रमांक आहे, व्हिडिओवर डॉक्टर भेटवणारी ई-संजीवनी आहे. ही सगळी नोंद ज्या बाईने भरायची ती मात्र शोधूनही सापडली नाही. ती बाई मी होते. १९९१ ते २०२४ अशी तेहतीस वर्षे मी उपकेंद्रात आरोग्य सेविका होते. सरकारी कागदावर एएनएम आणि गावात नर्सबाई. त्यामुळे पत्र जरा लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी एक स्पष्ट करते. वहीचे गोडवे गाणाऱ्यांतली मी नाही. महिनाअखेरीला तीन-तीन दिवस अहवालात गेलेले आहेत. कार्बन घालून चार प्रती काढायच्या, निळी बोटे घेऊन मासिक सभेला जायचे आणि तिथे आडवी-उभी बेरीज जुळली नाही की सगळ्यांसमोर उभे राहायचे. एका पावसाळ्यात उपकेंद्राच्या कपाटात पाणी शिरले आणि दोन वर्षांच्या गरोदर मातांच्या नोंदींचा लगदा झाला. ती पाने मी अंगणात दोरीवर वाळत घातली होती. म्हणून २००९ च्या सुमारास माता-बालकांच्या ऑनलाइन नोंदीची एमसीटीएस आली, पुढे त्याच कामाचे आरसीएच पोर्टल आले आणि मग आमच्या हातात नोंदी भरायच्या 'अनमोल' ॲपचा टॅबलेट आला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते, "सिस्टर, आता वह्या गेल्या."

वह्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर टॅबलेट आला.

लसीकरणाच्या दिवशी एका बाळाला एक इंजेक्शन दिले की त्याची नोंद मी कुठे कुठे करायचे ते सांगते. आईच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर. त्या कार्डाच्या आमच्याकडे राहणाऱ्या अर्ध्या भागावर. माता-बाल नोंदवहीत. टॅली शीटवर. शेजारी बसलेल्या आशाताईंच्या वहीत. रेंज असली तर लगेच आणि नसली तर रात्री घरी बसून टॅबलेटमध्ये. आणि संध्याकाळी पाचच्या आत टॅली शीटचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर. सात ठिकाणे झाली. सुई टोचायला दहा सेकंद लागतात. ताप आला तर काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, हे आईला समजावून सांगायला दोन मिनिटे तरी हवीत. ती दोन मिनिटे या सात ठिकाणांतच जायची.

मी एकदा तालुक्याच्या सभेत विचारले होते, टॅबलेटमध्ये भरले तर नोंदवही बंद करू का? साहेब म्हणाले, "ऑडिटला वही लागते." खरी गोम इथे आहे. ॲप सुरू करायला आदेश निघतो, समारंभ होतो, उद्घाटनाचा फोटो येतो. वही बंद करायच्या कागदावर सही करायला कोणी पुढे येत नाही. उद्या काही चुकले तर ती सही गळ्यात येईल ना! शिवाय प्रत्येक कार्यक्रमाचा निधी वेगळा, साहेब वेगळे आणि पोर्टलही वेगळे. एकच बाई गरोदर म्हणून आरसीएचवर असते, रक्तदाबासाठी एनसीडीच्या, म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर आणि खोकला निघाला तर क्षयरोगाच्या, २०१२ पासून चालू असलेल्या निक्षयवर. तिचे मूल अंगणवाडीत गेले की दुसऱ्या खात्याच्या पोषण ट्रॅकरवर. एकाच दिवशी एकाच मुलाचे वजन अंगणवाडीताईंच्या ॲपमध्ये आठ किलो दोनशे आणि माझ्या वहीत आठ किलो, असे झालेले आहे. काटे दोन होते आणि ॲपही दोन. दोघींना खुलासा द्यावा लागला. मूल कुपोषणाकडे झुकते आहे की नाही, हे मात्र खुलाशात कोणी विचारले नाही.

या सगळ्या पोर्टलांतून एकच माणूस ओळखता यावा, त्याची जुनी नोंद नव्या डॉक्टरपुढे उघडावी, यासाठीच आभा आहे हे मला कळते. कल्पना चोख आहे. पण गावात ती पोहोचली उद्दिष्ट म्हणून. आज किती काढले, आकडा पाठवा.

शाळेत शिबिर लावले होते. सत्तरीच्या आसपासचे एक आजोबा आले. आधारला जोडलेला मोबाइल मुलाकडे, मुलगा शहरात कामाला. अंगठा लावून बघितला, पण जन्मभर दावी-कुदळ धरलेला अंगठा, रेषाच उमटेनात. मग मुलाला फोन लावला. म्हटले, दादा, मी उपकेंद्रातली सिस्टर बोलते, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांगा. त्याने फोन कापला. दुसऱ्यांदा लावला तर माझीच खरडपट्टी काढली. त्याचे काही चुकले नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका, हे बँक त्याला रोज सांगते. शेवटी आजोबांनी स्वतः बोलून त्याची समजूत घातली, तोवर ओटीपीची मुदत संपली होती, पुन्हा मागवला. अर्ध्या तासाने एकदाचा आभा निघाला आणि आजोबा उठायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांचे बीपी बघायचे राहिलेच. पट्टा बांधला. १८०/१००. पेन खाली ठेवून मी नुसती बसून राहिले. माझ्या नोकरीतली ही एक गोष्ट मला अजून टोचते. पुढे त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवले, तिथे आभा क्रमांक कोणी विचारला नाही. नवा केसपेपर काढला, आधीचे औषध कोणते म्हणून आजोबांनाच विचारले. आजोबा म्हणाले, "पांढरी गोळी."

नोंदीची खरी गरज कोणाला असते ते आमच्या भागात लवकर कळते. आमच्याकडची निम्मी गावे ऊसतोडीला जातात. कोयता उचलला की बाया-पोरे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर, ती थेट हंगाम संपल्यावर परत. एका वर्षी मार्चअखेरीस एक आई बाळ घेऊन आली. पाच आजारांवरच्या पेंटा लसीचा पहिला डोस मीच दिला होता, दीड महिन्याचे असताना. पुढचे दोन कारखान्यावर असताना कर्नाटकात झाले होते. तिने पदरातून कार्ड काढले, सगळे कन्नडमध्ये. अक्षर मला एक वाचता येईना, पण तारखांचे आकडे कळले. दहा आणि चौदा आठवड्यांचा हिशोब बरोबर जुळत होता. तिकडच्या सिस्टरने काम चोख केले होते. माझ्या टॅबलेटवर मात्र ते बाळ चार महिने लाल. तालुक्यातून दर सभेत विचारणा, हे बाळ लस न घेतलेले का? एन्ट्री करावी तर मासिक अहवालात टोचलेल्या डोसांचा आणि वापरलेल्या व्हायलींचा मेळ बसेना. न करावी तर बाळ लाल. आई शिकलेली नव्हती, पण ते कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाचटाच्या झोपडीतही कोरडे ठेवले होते. दोन राज्यांमधला सगळा डाटा त्या पिशवीत होता.

माझ्या नोकरीच्या अखेरीस लसीकरणाच्या नोंदीचे यू-विन येऊ लागले. कुठेही टोचले तरी नोंद एका जागी दिसावी, हाच त्याचा हेतू आहे. ते नीट चालले तर पुढच्या सिस्टरला कन्नड तारखा ताडाव्या लागणार नाहीत. मी हे उपरोधाने म्हणत नाही, मनापासून म्हणते. कोविडच्या वेळी कोविन चालले, कारण टोचल्यानंतर माणसाच्या हातात काहीतरी परत येत होते. प्रमाणपत्र मोबाइलवर आले की लोक एकमेकांना दाखवायचे.

चाललेल्या गोष्टींचे आणखी दोन दाखले देते, नाहीतर म्हाताऱ्या बाईची कुरकूर वाटायची.

पहिला लसीच्या फ्रिजचा. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. गरम होऊन बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण गोठली तरी पेंटासारखी लस वाया जाते आणि बाहेरून ती बिघडल्याचे पटकन दिसत नाही. पूर्वी आरोग्य केंद्रात आयएलआरचे, म्हणजे लसीच्या फ्रिजचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचे. त्या वहीची पाने चाळली तर चार, चार, चार. रविवारी केंद्राला कुलूप असले तरी चार! मग लसीचा साठा आणि तापमान ऑनलाइन दाखवणाऱ्या ई-विनचा लॉगर बसला. फ्रिजमध्ये छोटेसे यंत्र, त्यात सिम, तापमान हलले की ज्याच्या ताब्यात फ्रिज आहे त्याच्या मोबाइलवर मेसेज. एकदा रात्री लाइट गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि आमच्या औषध निर्मात्याला (फार्मासिस्टला) पहाटे मेसेज आला. तो बिचारा लुंगीवरच मोटारसायकल काढून आला, बर्फाचे पॅक काढून सगळी लस कोल्ड बॉक्समध्ये भरली. सकाळी आम्ही सत्राला गेलो तेव्हा लस शाबूत होती. त्या लॉगरसाठी कोणाला सात ठिकाणी लिहावे लागले नाही.

दुसरा रक्तदाबाचा. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, त्यात आपला महाराष्ट्र होता. त्यात 'सिंपल' नावाचे ॲप वापरतात. रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी कोड मोबाइलने टिपायचा, बीपीचे दोन आकडे आणि गोळी भरायची, काम संपले. रेंज नसली तरी अडत नाही. माझ्या एका मैत्रिणीने ते वापरले आहे. तिला सर्वांत काय आवडले? गोळ्या संपूनही जे आले नाहीत त्यांची यादी ते ॲप तिलाच दाखवते आणि तिथूनच फोन लावता येतो. ती म्हणाली, "अगं, हे पहिलं ॲप, जे साहेबांच्या आधी मला काहीतरी सांगतं."

तिचे ते वाक्य मी घोकत असते. आमच्या बहुतेक पोर्टलांत माहिती उपकेंद्रातून तालुक्याला, जिल्ह्याला, तिथून मुंबई-दिल्लीला जाते. वर तिचे रंगीत आलेख होतात. खाली येते ती फक्त विचारणा. तुमचे प्रमाण कमी का, पेंडिंग किती. मी भरलेल्या माहितीतून या महिन्यात कोणत्या गरोदर बाईचे एचबी (हिमोग्लोबिन) घसरत चालले आहे, हे मला कधी कोणत्या पडद्याने आपणहून सांगितले नाही. ते मला माझ्या खिशातल्या डायरीने सांगितले.

ई-संजीवनीबद्दल मात्र लेखात लिहिले ते बरेचसे पटले. २०१९ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली आणि कोविडमध्ये घरोघर पोहोचली. आमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी लॅपटॉप खिडकीपाशी ठेवायच्या, कारण रेंज तेवढ्याच कोपऱ्यात. एका बाईला अंगावरून जायचा त्रास होता, किती वर्षे ते तिलाही सांगता येईना. पुरुष डॉक्टरकडे ती कधीच गेली नव्हती. पडद्यावर डॉक्टरबाई दिसल्या आणि तिने पदर तोंडाला लावूनच का होईना, सगळे सांगितले. मी बाहेर उभी राहून दार धरले होते, कोणी आत येऊ नये म्हणून. निदान झाले, औषध लिहून आले. ते औषध मात्र उपकेंद्राच्या साठ्यात नव्हते. डॉक्टर पडद्यावर येतो, गोळी येत नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंना आमच्या कपाटात काय आहे हे त्याच पडद्यावर दिसले असते, तर त्यांनी कदाचित असलेले दुसरे औषध लिहिले असते. साठ्याचा हिशोबही ऑनलाइनच असतो, फक्त वेगळ्या पोर्टलवर.

आता टॅबलेटचे. त्याच्या खरेदीला पैसे असतात, दुरुस्तीला नसतात. माझ्या टॅबलेटची बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले होते. जिल्ह्याला पाठवला, साडेचार महिन्यांनी परत आला. तोवर एन्ट्री माझ्या स्वतःच्या मोबाइलवर, रिचार्ज माझा. ज्या महिन्यात टॅबलेट नव्हता त्या महिन्यातही एन्ट्री शंभर टक्के झाली पाहिजे होती, आणि झालीही. कशी झाली ते विचारू नये. रात्री अकरा वाजता डुलक्या घेत भरलेल्या तारखा किती खऱ्या असतात, हे आलेख काढणाऱ्यांनी एकदा ध्यानात घ्यावे.

खासगीपणाचा मुद्दा आपल्या लेखात एका ओळीत आटोपला आहे. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे त्यात आहे. पण गावपातळीवर माहिती कोणी परदेशी चोर नेत नाही, ती व्हॉट्सॲपवरून जाते. गावात कोणाला कोणता आजार आहे, कोणी गर्भपात केला, कोणाची एचआयव्ही तपासणी काय आली, हे आरोग्य सेविकेला माहीत असते आणि तिने ते पोटात ठेवायचे असते. मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितले नाही. माझ्या वहीला कुलूप होते. आता त्याच वहीच्या पानाचा फोटो, नावे आणि मोबाइल नंबरांसकट, सत्तर-ऐंशी जणांच्या ग्रुपवर पाच वाजायच्या आत टाकायचा असतो. त्यातले कितीजण बदली होऊनही ग्रुपमध्ये राहिले आहेत, कोणास ठाऊक.

कोणी म्हणेल, उद्या सर्व्हर पडला तर? २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथेही कित्येक दिवस कागदावर काम चालवावे लागले. मग वही हवीच की! मान्य. एक कागद हवा. तो रुग्णाच्या हातातला, त्या ऊसतोडीच्या आईने पिशवीत जपला तसा. एक नोंद तिच्या कार्डावर आणि एक यंत्रात. मधल्या पाच जागा कशासाठी?

एका प्रशिक्षणात बाहेरून आलेल्या व्याख्यात्याने सांगितलेली गोष्ट आठवते. युगांडात मोबाइलवरून आरोग्यसेवा देण्याचे इतके सुटे सुटे प्रयोग सुरू झाले होते की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नवे प्रयोग थांबवायला सांगितले. आधी असलेले एकमेकांशी बोलू देत, मग पुढचे बघू. आमच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. सगळ्या सिस्टर मागेच बसलेल्या होत्या.

तेव्हा ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी विनंती एवढीच: नव्या ॲपच्या आदेशात शेवटचा परिच्छेद असा असावा की अमुक तारखेपासून अमुक नोंदवही बंद, आणि ऑडिटला ती मागू नये. त्यावर सही असावी. ज्या कार्यक्रमाला अशी वही दाखवता येत नसेल, त्याने ॲप काढायची घाई करू नये.

निवृत्तीच्या दिवशी मी नव्या सिस्टरला चार्ज दिला. यादी टाइप केलेली होती: टॅबलेट एक, चार्जर एक, बीपी यंत्र, वजनकाटा, नोंदवह्या अठरा. सह्या झाल्यावर तिने हळूच विचारले, "ताई, ती तुमची डायरी पण द्याल का?" ती यादीत नव्हती. कोणती बाई कोणत्या कारखान्यावर जाते, तिचा नवरा फोन उचलत नसेल तर दिराचा नंबर कोणता, कोणाचे पहिले बाळंतपण सिझरचे, असले सगळे त्यात. दिली. परवा तिचा फोन आला होता. एका पानावरचे माझे अक्षर लागत नव्हते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका